पत्रकातलं शेवटचं वाक्य

"शलाका, ते काम मी दुसऱ्या कुणाला देते. मला खरंच माहीत नव्हतं गं."

नीलांबरीची लेखनसंस्था छोटीच. सांगलीत एका खोलीचं ऑफिस आणि घरून लिहिणाऱ्या चार-पाच जणी. एका रुग्णालयाला पत्रक हवं होतं, ज्यांचं बाळ जन्मताच दगावलं अशा आईवडिलांसाठी. तिनं ते शलाकाकडे सोपवलं होतं. शलाकानं स्वतः तेच सोसलंय, हे तिला आज कळलं.

"नको ताई, मीच लिहिते," शलाका म्हणाली. "तेव्हा सगळे माझ्या तब्येतीबद्दल बोलायचे. बाळाबद्दल कुणीच नाही."

पत्रक आलं, साधं आणि शांत. रुग्णालयाच्या डॉक्टरांना आवडलं, फक्त शेवटचं वाक्य काढा म्हणाले: 'बाळाचं नाव ठरवलं असेल तर आम्हाला सांगा, आम्हीही त्याला त्याच नावानं ओळखू.' त्यात वैद्यकीय माहिती काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

"ते वाक्य राहू दे, डॉक्टर," नीलांबरी म्हणाली. "ते काढायचं असेल, तर पत्रक दुसरीकडून करून घ्या."

डॉक्टरांनी वाक्य पुन्हा वाचलं. "राहू दे," ते म्हणाले.

संध्याकाळी तिनं शलाकाला फोन करून हे सांगितलं. शलाका नुसतं "बरं" म्हणाली.

"शलाका, तू काय नाव ठरवलं होतंस?"

"ओवी," शलाका म्हणाली. मग ओवीचे केस किती दाट होते, ते सांगत राहिली.