स्मिल्येचा उतार

कवटी रंगवलेली, 'युद्धातले सुरुंग' अशी लाल पाटी. बंदुकीचा बार. जेल्काचा कालच फुटलेला ओठ. तेलासाठी कापलेल्या स्मिल्येच्या पिवळ्या फुलांवर रक्त.

फुलं कुणाची, यावरून भांडून गावातल्या शिमेनं पाटीबाहेरूनच जेल्काच्या नवऱ्याच्या, आंतेच्या मांडीत गोळी घातली आणि पळून गेला. उतारावर पडलेला आंते ओरडत होता, "या रे भडव्यांनो! सुरुंग नाहीतच इथं! चोर लांब राहावेत म्हणून मीच पाट्या लावल्यात!"

शेजारचा लुका धावला. जेल्का त्याला आडवी गेली.

"नको लुकादादा, घरी लहान पोरं आहेत तुझी."

"अगं, पण तो रोज आत जातो की!"

"त्याला वाट ठाऊक होती. तुला आहे?"

लुका थांबला. हळूहळू आंतेचा आवाजही थांबला.

पाट्यांवरच्या कवट्या हिवाळ्यात जेल्कानंच रंगवल्या होत्या.