एकाच गिऱ्हाइकाचा कारखाना

कारखानदारानं पाकीट फोडलं, तशी तिनं खुर्ची पुढे ओढली. तीन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही तिला चुकवायची नव्हती.

पत्र चारच ओळींचं होतं. कंपनीच्या साडेचारशे बसगाड्यांची सीट कव्हरं पुढच्या महिन्यापासून दुसरीकडून येणार. खाली सही तिची, खरेदीप्रमुखाची.

पंधरा वर्षांपूर्वी अस्संच पत्र तिच्या बाबांना आलं होतं, आणि सही होती या गृहस्थाची. तेव्हा हा दुसऱ्या बस कंपनीत खरेदीचा साहेब होता. आधी गोड गोड बोलून त्यानं बाबांना बाकीची सगळी गिऱ्हाइकं सोडायला लावली आणि मग एका सकाळी सरळ हात वर केले. बाबांचं सीट कव्हरांचं वर्कशॉप बंद पडलं. ते चिडले असते, भांडले असते, तरी चाललं असतं. पण त्यांचं बोलणंच आटलं. याचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

आणि नशीब बघा, नोकरी सोडून याच माणसानं सीट कव्हरांचा कारखाना काढला आणि टेंडर घेऊन तीन वर्षांपूर्वी तिच्याच दारात आला. तिनं हसून ओळख दिली. झालं गेलं विसरा म्हणाली. थोडी ऑर्डर दिली, मग दुप्पट, मग सगळीच. बिचाऱ्याला दुसऱ्या कुणाचा माल करायला उसंतच ठेवली नाही. डाव त्याचाच होता, पत्ते तेवढे तिच्या हातात आले होते.

आता तो गयावया करेल, हात जोडेल. तिला ते डोळे भरून बघायचं होतं.

त्यानं पत्राची नीट घडी घातली. मी पेरलं तेच उगवलं, तक्रार कुणाकडे करू, असं काहीसं पुटपुटला. मग म्हणाला, "कामगारांना मी सांगतो, मॅडम. आमच्या कटिंगमास्तरांना मात्र तुम्हीच सांगा."

"मी कशाला?"

"तुमची पहिली ऑर्डर मिळाली, तेव्हा मी तुमच्या बाबांची माफी मागायला गेलो होतो. माझ्याकडे कामाला या म्हटलं, आणि आले. बाप माल पुरवणाऱ्याकडेच कामाला, असा तुमच्या नोकरीला बोल लागू नये म्हणून त्यांनी तुम्हाला कळू दिलं नाही." तो उठला. "पोरीनंच माफ केलं, म्हणाले, मग मी कशाला धरून बसू."