आत कायतरी घासतंय

इंजिन बंद झालं. प्रॉपेलर फिरत फिरत थांबेपर्यंत कासम मान तिरकी करून उभाच राहिला.

“आत कायतरी घासतंय, बाय,” तो रुचाला म्हणाला.

रुचाने कानांवरचे मफ काढले. हँगरच्या उघड्या दारातून पाहुण्यांसाठी उभारलेले तंबू दिसत होते. शहरातल्या वेस्ट बे भागातून त्यांच्या बस निघाल्या होत्या. मालकाने दोन वर्षं दुरुस्त करून घेतलेलं महायुद्धातलं लढाऊ विमान आज चार वाजता पहिल्यांदा उडणार होतं. आता पावणेतीन झाले होते.

“कुठे?”

कासमने इंजिनाच्या मागच्या अंगाला बोट दाखवलं. सुपरचार्जर.

उंचावर हवा विरळ झाली की इंजिनाचा दम तुटतो. तिथे सुपरचार्जरमधलं पात्यांचं चाक हवा दाबून इंजिनात कोंबतं. मिनिटाला वीस हजारांवर फेरे, आणि चाक नि भोवतालची भिंत यांच्यात जेमतेम फट. ते चाक गेल्या आठवड्यात रुचानेच बसवलं होतं. फट मापापेक्षा जराशी कमी भरत होती. योग्य जाडीची शिम, म्हणजे फट वाढवणारी पातळ चकती, मागवली असती तर दहा दिवस गेले असते. चालेल, म्हणून तिने कव्हर लावलं आणि कागदावर सही केली.

मालकाचा मुलगा जियाद आत आला. विमान तोच उडवणार होता. “रेडी?” त्याने इंग्रजीत विचारलं.

‘हो’ रुचाच्या ओठांवर आलं होतं. कासमने इथे मदतनीस म्हणून येण्याआधी आखातातल्याच मेसईदच्या खत कारखान्यात सव्वीस वर्षं हवा-वायू दाबणारे कॉम्प्रेसर सांभाळले होते. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

“अर्धा तास द्या,” ती म्हणाली. “इंजिन निवू दे. मला एक आवाज तपासायचाय.”

“कसला आवाज? सगळे आकडे बरोबर होते!”

“आकडे बरोबर होते,” रुचा म्हणाली.

जियाद घड्याळ बघत दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याचा फोन दोनदा वाजला. तो दूर आहे असं बघून कासम हळूच म्हणाला, “काय निघालं तर मी बसवलं म्हणून सांगीन. मी ईदनंतर दापोलीला चाललोच, कायमचा. तुझं कॉन्ट्रॅक्ट आत्ता कुठं सुरू झालंय.”

रुचाने इंजिनावरचं आवरण उघडून हात ठेवून पाहिला. अजून कढत होतं.

सव्वातीनला तिने इंजिन चालू करणारी सगळी बटणं बंद असल्याची दोनदा खात्री केली. कासमने प्रॉपेलर हाताने सावकाश ओढला. रुचाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सुपरचार्जरला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली.

काहीच नाही.

“अजून एक.”

कासमने पुन्हा ओढला. या वेळी तिला ऐकू आलं. बारीक, कोरडं. खर्र. थोड्या वेळाने परत, खर्र.

तिने हवा आत घेणाऱ्या नळीतून कॅमेऱ्याची वायर सरकवली. पडद्यावर राखाडी भिंत आली, मग चाकाची पाती. भिंतीवर नखाएवढी एक चकचकीत चंद्रकोर उमटली होती. घासून निघालेला कोरा धातू.

जियाद पडद्यावर वाकला. “हे वर तुटलं असतं तर?”

“टुकडा सीधा इंजिन में,” कासम हिंदीत म्हणाला. “फिर इंजिन खलास.”

उड्डाण समुद्रावरून होतं.

“हे बसवलं कोणी?”

कासमने तोंड उघडलं.

“मी,” रुचा म्हणाली. “फट कमी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी सही केली.”

तेवढ्यात जियादचा फोन परत वाजला. त्याने उचलला, अरबीत दोन शब्द बोलला आणि फोन तिच्यापुढे धरला.

“बाबा आहेत. मला जे सांगितलंत तेच त्यांना सांगा.”

तिने तेलकट हातानेच फोन घेतला. बाहेर पहिली बस येऊन थांबली होती. माणसं हसत खाली उतरत होती.

“सर, मी रुचा बोलतेय. विमान आज उडणार नाही. चूक माझी आहे.”

तिने मान वळवली. जियाद विमानाच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. कासमने दिलेली पाण्याची बाटली त्याच्या हातात होती, पण तिचं झाकण काही केल्या त्याला उघडता येत नव्हतं.