आतला कोयंडा

"आतून कुलूप कोण लावतं रे? अक्कल गहाण ठेवलीस का?"

ट्रेलरच्या दाराला आतल्या बाजूनं कोयंडा बघून मुकुंदराव वेल्डरवर उखडले. माल वाहायच्या त्या जुन्या ट्रेलरमध्ये आता पलंग बसला होता, शेगडी बसली होती. थंडी पडली की बायकोला घेऊन ते त्यातून रानोमाळ हिंडणार होते.

"काकूंनीच सांगितलं."

बायको पडद्यात दोरी ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "परवा रात्री पोलिसांनी तुम्हाला घरी आणलं. चौकात अनवाणी उभे होतात. रानात कोण शोधणार?"

मुकुंदरावांना परवाचं काहीच आठवेना. तळपायाची जखम मात्र ठणकली.

त्यांनी कोयंडा धरून हिसडा दिला. तो हलला.

"याहून जाड घाल," ते वेल्डरला म्हणाले. "माझ्या हातात जोर आहे अजून."