रोजचा डाव

"सिस्टर," नानांनी बायकोलाच विचारलं, "आमची ही कुठे गेली हो?"

ही समोरच बसली होती. खुब्याचं ऑपरेशन झकास झालं म्हणून सगळे सांगत होते. खुबा जागेवर बसला होता खरा, पण माणूस भलतीकडेच गेला होता.

"अहो, मीच ती," बायको म्हणाली. नानांनी तिला निरखून पाहिलं आणि परक्या बाईशी हसावं तसं ते अदबीनं हसले.

भुलीच्या डॉक्टर तपासून गेल्या. "या वयात भूल दिल्यावर असा गोंधळ उडतो. पण तो असाच राहू द्यायचा नाही, रेंगाळला तर मेंदूला जड जातं. चष्मा लावलाय? कानातलं यंत्र? छान. आता घरी रोज दुपारी जे करायचे, तेच करायला लावा."

रोज दुपारी! ते काय, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. ऑपरेशन ठरलं तेव्हा याच डॉक्टरांनी मेंदूला व्यायाम म्हणून पत्ते खेळायला सांगितले होते. तेव्हापासून शेजारच्या मास्तरीणबाई दुपारी रमीला हजर. आणि काय ते खिदळणं! अख्ख्या संसारात नाना बायकोच्या विनोदाला कधी असे हसले नव्हते. आता ती विनोद करायची नाही, तो भाग वेगळा. ती आत कपबश्या आपटत बसायची. जळायची, सरळ सांगायचं तर.

सकाळपासून तिनं सगळं करून पाहिलं. मुलाचे फोटो दाखवले, पेपर वाचला, जुनी गाणी लावली. त्या बाईला फोन तेवढा केला नव्हता. तो आता केला. "पत्ते घेऊन या," एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

मास्तरीणबाई धापा टाकत आल्या. "बरं केलंत वहिनी, बोलावलंत." त्यांनी पलंगावरच्या टेबलावर पानं पिसली, वाटली. नानांनी आपली उचलली. बोटं जराशी अडखळली, मग एकेक पान जागेवर जाऊ लागलं. जोकर त्यांनी नेहमीसारखा कडेला लावला.

"मास्तरीणबाई, आज तरी लबाडी नको."

त्या बाईची ओळख पटली, हिची नाही. बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळेही भरून आले, कारण तो आवाज नानांचा होता, अगदी घरचा.

दोन-चार पानं पडली. नानांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जरा भरभर टाका. आमची ही एवढ्यात येईल. तिला हे आवडत नाही. बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. फार लागतं हो तिला."

मास्तरीणबाईंचा हात पानावरच थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

बायकोनं उठून नानांच्या पाठीमागची उशी सरळ केली.

"खेळा तुम्ही," ती म्हणाली. "तिला यायला वेळ आहे."