दोन पाकळ्यांचा कौल

देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी खेमा गुरवाने पहाटेच गुळाने घट्ट चिकटवली होती. डावी पाण्याने, वाळताच सुटेल अशी. आधी डावी पडली तर त्याची वहिनी निर्दोष ठरणार, उजवी पडली तर नवऱ्याच्या खुनाबद्दल तिचा कडेलोट. या देवीचा कौल सात पिढ्यांत खोटा ठरला नव्हता, अशी गडावर कथाच होती.

किल्लेदारासमोर त्याने देवीला गाऱ्हाणं घातलं. पडली ती उजवी.

खेमा दचकून पुढे सरकला. खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि गूळ त्यांनी फस्त केला होता.

"न्या हिला," किल्लेदार म्हणाला.

वहिनीने आधी देवीला हात जोडले, मग दिराकडे पाहिलं. "रडू नका, भावजी. देवी का खोटं बोलेल? माझंच कुठंतरी चुकलं असेल. देवळाची गुरवकी आता तुम्हीच सांभाळा."

त्याच गुरवकीसाठी तर त्याने भावाला कड्यावरून ढकललं होतं.

"थांबा," खेमा किल्लेदाराचे पाय धरत म्हणाला, "आज देवी खोटं बोलली. दादाला मी ढकललं."

मागे डावी पाकळी अलगद सुटली.