रुद्राणीचा ढीग

"सकाळी ढीग गुडघ्याला होता, शिवकांता. आता पोटरीला कसा आला? दगड काय उन्हानं आटतात?"

"हात चालंना, आत्याबाई."

"जीभ चालते की!"

लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली पाऊस फिरकला नाही. अहमदपूरच्या पुढं रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं. रुद्राणी आणि तिची सून शेजारी शेजारी बसत. मुकादम दगडोबा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "शनिवारी माप. ढीग कमी, त्याचं नाव कमी. म्हाताऱ्यांनी तर बसूच नका."

ते रुद्राणीला झोंबलं. साठी उलटली होती, पण तिनं कामाला रीत लावली. उन्हाआधी मोठे दगड, मग बारके. दगड धरायला चिंध्यांचं कडं. पाण्याला एकदाच उठायचं. भाकर खाल्ली की लिंबाखाली घटकाभर पडायचं. उठून आली की तिचा ढीग डोळ्यात भरायचा.

"रीत लागते," ती बायांना सांगायची. "नुसती जवानी काय कामाची?"

घरातही तिनं नियम घातला होता. कामावर नाव नाही, त्याला घास नाही. "मलाबी न्हाई," असं वर म्हणायची.

शिवकांता दुपारी पडत नसे. "तुम्ही पडा, आत्याबाई. मी बसते." बसायची, आणि तिचा ढीग खाली जायचा.

तिच्या पलीकडं रत्नम्मा बसायची, देगलूरची, सुनेच्या माहेरची. दोघी तेलुगूत हसायच्या. रुद्राणीनं ताडलं, खडी तिकडं जाते.

शुक्रवारी भाकरीआधी सून पाण्याला गेली, तेव्हा रुद्राणीनं कमरेची पुडी सोडली. धोतरांना घालायची नीळ होती. सुनेच्या खडीवर ती भुरभुरली. काळ्या दगडावर, धुळीत कोरडी नीळ दिसत नाही. पाणी लागलं की बोलते. मापानंतर ढिगांवर चुन्याचं पाणी मारतात, म्हणजे तीच खडी पुन्हा मापात येत नाही. चोरी दहा जणांत उघडी पडणार होती.

शनिवारी शिवकांताचा ढीग कमी भरला.

दगडोबा घुटमळला. "काकू, तुमचा तर गच्च हाय. सुनंला एक हप्ता सांभाळून घेऊ?"

"खोड नाव. नात्यानं खडी फुटत न्हाई."

मग सुनेकडं वळली. "सांग आता. कुणाला देतीस?"

शिवकांतानं रत्नम्माकडं पाहिलं नाही. सासूच्या हातांकडं पाहिलं. "माझाच हात चालंना, आत्याबाई."

देगलूरची यष्टी धूळ उडवत आली.

"नियम ठाव हाय. बस गाडीत."

शिवकांता पाया पडली. तळहाताचे फोड फुटले होते. रुद्राणीनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

"दुपारचं पडत जावा," सून म्हणाली. गाडी गेली.

दगडोबानं बादली उचलली. रुद्राणी रत्नम्माच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. पाणी पडलं. पांढरं. खालूनही पांढरंच.

"काय बघता, अक्का?" रत्नम्मानं विचारलं. "पोरीला कशाला धाडलं?"

रुद्राणी सुनेच्या ढिगाकडं वळली. दगडोबानं तिथं पाणी मारलं.

शिवकांताच्या ढिगातून निळाईचे दोन ओघळ उतरले. तेवढेच.

दगडोबानं बादली पुन्हा भरली आणि रुद्राणीच्या ढिगावर ओतली. वरून पाणी पांढरं गेलं. खालून निघालं ते निळंशार होतं, आणि तिच्या पायापर्यंत आलं.